स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस : एका गाइडची समीक्षा

मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा वाचलेलं इंग्रजी वाक्य कुठल्याही कादंबरीतलं नाही. ते आहे ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’. काळ्या पडद्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत ते यायचं, थोड्या वेळाने पुन्हा तेच यायचं, आणि मग सगळ्या अक्षरांवर एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली तिरकी रेघ उमटायची. प्रवेश बंद. २०२०च्या जूनमध्ये नाशिकच्या घरी, हॉलच्या कोपऱ्यात, उघड्या कॅबिनेटसमोर बसून मी हे वाक्य इतक्या वेळा वाचलं की आई जेवायला बोलावताना विचारायची, “अजून वाट बघतंय का ते?”

या वाक्याने मला वाचायला शिकवलं असं म्हणणार नाही. शिकवलं ते त्या वाक्याचा अर्थ लावणाऱ्या एका गाइडने. डोर्टानिया या नावाने काही मंडळींनी मिळून लिहिलेलं, ओपनकोअर इन्स्टॉल गाइड. त्या गाइडबद्दल मी समीक्षा म्हणूनच लिहितोय. तांत्रिक लेखन लोक वापरतात आणि विसरतात, त्याची समीक्षा कुणी करत नाही. पण ज्या मजकुरामुळे आपली वाचायची पद्धत बदलते, तो चांगला की वाईट, आणि का, हे कुणीतरी विचारायला हवं.

आधी थोडी पार्श्वभूमी. हॅकिन्टॉश म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या पीसीवर ॲपलची मॅकओएस चालवणं. हे शक्य झालं ते ॲपलने २००५मध्ये इंटेलचे प्रोसेसर वापरायचं जाहीर केलं म्हणून. २००६च्या सुरुवातीला पहिले इंटेल मॅक आले, आणि मॅकच्या आतलं यंत्र आणि लॅमिंग्टन रोडवर मिळणारं यंत्र हे चुलतभाऊ झाले. फरक राहिला तो फर्मवेअरचा, काही चिपांचा आणि परवान्याचा. फर्मवेअर आणि चिपा यांच्यातली दरी बुजवायचं काम बूटलोडर करतो. तो मॅकओएसला सांगतो, ‘तू मॅकवरच आहेस, काळजी करू नकोस.’ ओपनकोअर हा असाच एक बूटलोडर. परवान्याची दरी मात्र कुठलाही बूटलोडर बुजवत नाही. त्याकडे नंतर येतो.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मला आयफोनची ॲप्स लिहायची होती. त्यासाठी एक्सकोड लागतं आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. बाबांनी ४५ हजार दिले. तेवढ्यात मॅक येत नव्हता, पीसी येत होता. इंटेल आय५-९४००एफ, बी३६० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम, आरएक्स ५७० ग्राफिक्स कार्ड. कार्ड विचार करून घेतलं होतं. हॉस्टेलच्या रूममेटकडे जीटीएक्स १०६० होतं आणि मोहावेपासून पुढच्या कुठल्याच मॅकओएसमध्ये त्या कार्डाला ड्रायव्हर नाही हे आम्हाला माहीत होतं. फेब्रुवारीत मशीन जोडलं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. हातात एक ऑफर लेटर होतं, त्यावर जॉइनिंगची तारीख नव्हती. कंपनीला मेल केला की ‘लवकरच कळवू’ एवढंच उत्तर यायचं. म्हणजे मीही वाटच बघत होतो. फरक एवढाच की माझ्यावर कुणी तिरकी रेघ मारत नव्हतं.

*

पहिला धडा : जे यंत्र काही बोलत नाही ते दुरुस्त करता येत नाही.

मॅक सुरू होताना काय दिसतं? सफरचंद आणि खाली हळूहळू भरणारी पट्टी. दिसायला छान, पण मजकूर म्हणून तिच्यात काही नाही. ती अर्ध्यावर थांबली तर अर्ध्यावर थांबली एवढंच कळतं. पण ॲपलनेच एक दुसरा मार्ग ठेवला आहे, व्हर्बोस मोड. खऱ्या इंटेल मॅकवर सुरू होताना कमांड आणि व्ही दाबून धरायचं, हॅकिन्टॉशवर बूट करताना उणे चिन्ह आणि व्ही एवढं लिहायचं. सफरचंद जातं आणि त्याच्या जागी शेकडो ओळी धावायला लागतात. कोणता ड्रायव्हर आला, कोणता नाही आला, कुणी कुणाची वाट बघतंय. डोर्टानियाचं गाइड पहिल्यापासून सांगतं की हे चालू ठेवा. सुरळीत चालणाऱ्या यंत्रासाठी ही बडबड आहे. बंद पडलेल्या यंत्राचा मात्र तो एकमेव जबाब असतो.

पण सुरुवातीला मी गाइड वाचलंच नव्हतं. मी तेच केलं जे आपण सगळे करतो. ‘माझा बोर्ड, मॅकओएस, वर्किंग’ असं शोधलं, एका व्हिडिओखालून कुणाचं तरी तयार ईएफआय फोल्डर उतरवलं, पेनड्राइव्हवर टाकलं. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल ज्या भावनेने उतरवून काढतात, त्याच भावनेने. पुढे ती कॉन्फिगची फाइल उघडून पाहिली तेव्हा तिच्यात एक सिरियल नंबर होता. माझा नाही, त्या व्हिडिओवाल्याचा. म्हणजे ते फोल्डर जितक्या लोकांनी उतरवलं असेल, तितकी यंत्रं ॲपलला एकच नाव सांगत होती. कॉपी केलेल्या जर्नलमध्ये मूळ मुलाचा रोल नंबर तसाच राहावा, तसं.

त्या फोल्डरने मी पोचलो ते एका ओळीपर्यंत. ईबी, मग उभी रेघ, मग लॉग, एक्झिटबीएस, स्टार्ट. त्यापुढे काही नाही. पडदा गोठलेला. मी रॅम काढून पुन्हा बसवली. ग्राफिक्स कार्ड काढून पुसून पुन्हा बसवलं. एकाने लिहिलं होतं की बायोस अपडेट कर, तेही केलं. चार दिवस गेले. चौथ्या दिवशी रूममेटला स्क्रीनचा फोटो पाठवला, तर तो म्हणाला, “अरे, या ओळीत एरर कुठे लिहिलाय?”

खरंच नव्हता लिहिलेला. मी ज्या ओळीला चार दिवस शिव्या घालत होतो, ती तक्रार नव्हतीच. ती फक्त ‘आता मी हे सुरू करतोय’ असं सांगत होती.

*

इथे गाइड आलं. त्याच्या ट्रबलशूटिंग भागाची रचना साधी वाटते, पण मला ती फार हुशारीची वाटते. तो भाग यंत्राच्या भागांनुसार लावलेला नाही. रॅमच्या अडचणी, डिस्कच्या अडचणी असं वर्गीकरण तिथे नाही. तो लावलेला आहे तुम्ही कोणत्या ओळीवर अडकलात त्यानुसार, आणि त्या ओळी बूटच्या टप्प्यांत वाटलेल्या आहेत. म्हणजे लेखकांनी स्वतःच्या ज्ञानाची मांडणी न करता वाचकाच्या अज्ञानाची मांडणी केली आहे. माझ्यासारख्याला काय बिघडलंय ते माहीत नसतं. पडद्यावर काय दिसतंय एवढंच माहीत असतं. पाठ्यपुस्तकं हे उलटं करतात. त्यांच्या अनुक्रमणिकेत जे सापडायला हवं, ते शोधायला आधी उत्तर माहीत असावं लागतं.

आता ती गोठलेली ओळ. एक्झिटबीएस म्हणजे एक्झिट बूट सर्व्हिसेस. पीसी सुरू होतो तेव्हा सगळा कारभार फर्मवेअरच्या हातात असतो. पडद्यावर अक्षरं उमटवणं हेही तेच करतं. मग एक क्षण येतो जेव्हा फर्मवेअर कारभार सोडतं आणि मॅकओएसचा कर्नल तो हातात घेतो. ही ओळ त्या हस्तांतराची. फर्मवेअरचा आवाज इथे संपतो आणि कर्नलला अजून स्वतःचा आवाज मिळालेला नसतो. या दोहोंमधल्या क्षणात काही बिघडलं तर ते सांगायला कुणी नसतं. म्हणून पडद्यावर शेवटचं बोललेलं वाक्य तसंच राहतं आणि आपण त्याच वाक्याला गुन्हेगार समजतो.

मला या गाइडमधून मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट हीच : शेवटची ओळ ही दोषाची जागा नसते, ती बोलणं थांबल्याची जागा असते. दोष पुढच्या, न छापल्या गेलेल्या ओळीत असतो. शाळेत कवितेखाली ‘कवीला काय सांगायचे आहे’ हा प्रश्न यायचा आणि आम्ही शेवटचं कडवं गद्यात उतरवून काढायचो. मार्क मिळायचे. यंत्राने मार्क दिले नाहीत.

गाइडने या ओळीखाली बहुतेक संशय मेमरीच्या नकाशावर घेतला होता. फर्मवेअर जाताना मेमरीचा कोणता भाग कुणाचा याचा नकाशा कर्नलला देऊन जातं. बोर्डाच्या पिढीनुसार त्या नकाशात वेगवेगळी गडबड असते आणि ओपनकोअरमधल्या काही नोंदी ती सावरतात. मी उतरवलेलं फोल्डर जुन्या पिढीच्या बोर्डासाठी जुळवलेलं होतं. नकाशा माझ्या घराचा आणि दुरुस्त्या दुसऱ्याच्या. मी ते फोल्डर पुसलं, गाइडमधलं कॉफी लेकचं प्रकरण उघडलं, आणि कॉन्फिगची फाइल पहिल्या ओळीपासून स्वतः भरली. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती ओळ आली आणि तिच्यापुढे धो धो ओळी सुरू झाल्या. आई स्वयंपाकघरातून धावत आली, इतका मोठ्याने मी ओरडलो.

आणि मग ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’.

*

ही ओळ पहिलीपेक्षा प्रामाणिक आहे. कर्नल उठलेला आहे, बोलतोय, आणि आपल्याला काय हवंय ते सांगतोय : ज्या डिस्कवरून मला सुरू व्हायचंय ती दिसत नाही. गंमत अशी की हे सगळं ज्या पेनड्राइव्हवरून आतापर्यंत वाचलं गेलं, तोच आता दिसत नाही. आतापर्यंत तो फर्मवेअरच्या डोळ्यांनी दिसत होता. आता कर्नलला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.

गाइडने दिलेलं मुख्य कारण वाचून मी हसलो. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५ पोर्टपर्यंतच मोजते. माझ्या कॅबिनेटला १५ भोकं अर्थातच नव्हती. पण यूएसबी ३चं प्रत्येक निळं भोक दोनदा मोजलं जातं, एकदा जुन्या वेगाचं म्हणून आणि एकदा नव्या वेगाचं म्हणून. शिवाय बोर्डाच्या आतले, बाहेर न काढलेले पोर्टही यादीत असतात. यादी १५वर कापली जाते आणि जे मागे राहिले ते कर्नलसाठी अस्तित्वातच नसतात. माझा पेनड्राइव्ह मागे राहिलेल्यांत होता. खरे मॅक बनवणाऱ्यांना ही अडचण येत नाही, कारण त्यांनी आपल्या यंत्रात किती पोर्ट द्यायचे हे स्वतःच ठरवलेलं असतं.

एवढं कळूनही मी आठवडाभर अडकलो, कारण गाइडने कारणं तीन-चार दिली होती आणि मी सगळ्यांत अवघड कारणापासून सुरुवात केली. इंजिनिअरला अवघड कारण आवडतं. त्या आठवड्यातच, २२ जूनला, ॲपलने जाहीर केलं की मॅक आता इंटेल सोडून स्वतःच्या चिपवर जाणार. ते भाषण मी मोबाइलवर पाहिलं. समोर पीसी वाट बघत होता. ज्या चुलतनात्यावर हा सगळा खटाटोप उभा होता, तेच नातं दोनेक वर्षांत संपेल असं व्यासपीठावरून सांगितलं जात होतं. बाबांनी विचारलं, “मग आता हे मशीन वाया गेलं का?” मी म्हटलं, “नाही बाबा, अजून काही वर्षं चालेल.” मला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह निळ्या पोर्टमधून काढला आणि मागच्या काळ्या, यूएसबी २च्या पोर्टमध्ये घातला. इन्स्टॉलर उघडला. भाषा निवडा, असं त्यावर लिहिलं होतं.

*

आता परवान्याबद्दल, कारण या विषयावर लिहिताना ते टाळणं हा खोटेपणा होईल.

मॅकओएसच्या आत ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ अशा नावाची एक फाइलच आहे. चोरू नका. तिचं काम फाइंडर, डॉक यांसारख्या काही मोजक्या प्रोग्रॅमवरचं कुलूप उघडणं. त्या कुलपाची किल्ली खऱ्या मॅकमधल्या एका चिपमध्ये असते, आणि ती किल्ली म्हणजे आकड्यांचा गोंधळ नसून ६४ अक्षरांचा, जागा न सोडता लिहिलेला सरळ इंग्रजी मजकूर आहे. त्याचा आशय असा की आमचे कष्ट या शब्दांनी राखले आहेत, कृपया चोरू नका, आणि पुढे कंपनीचं नाव. शिवाय २००६मध्ये लोकांना सिस्टीममध्ये लपवलेली एक कविताही सापडली होती. लिमरिकच्या घाटाची, एका कुरकुऱ्या वापरकर्त्याची टिंगल करणारी.

कविता म्हणून ती बेतास बात आहे. यमक जुळवलेलं आहे, विनोद ऑफिसातला आहे. किल्ली मात्र मला विलक्षण वाटते. विनंती हेच कुलूप. हॅकिन्टॉशवर ती चिप नसते, म्हणून तिचं सोंग करणारा एक प्रोग्रॅम घालावा लागतो आणि तो सोंग करताना तोच मजकूर शब्दशः पुढे करतो. म्हणजे माझं यंत्र रोज सकाळी ‘चोरू नका’ असं म्हणूनच सुरू व्हायचं. ते म्हटल्याशिवाय सुरूच होत नव्हतं. व्हर्बोस ओळींमध्ये ‘डीएसएमओएस हॅज अराइव्ह्ड’ अशी ओळ यायची, म्हणजे ती ‘चोरू नका’ फाइल हजर झाली. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. काय आलंय हे कळल्यावर थोडी लाज वाटली.

परवान्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की ही सिस्टीम फक्त ॲपलच्या संगणकावर वापरायची. फ्लोरिडातल्या सायस्टार नावाच्या कंपनीने २००८मध्ये मॅकओएस घातलेले पीसी विकायला काढले. ॲपलने खटला भरला, २००९मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११मध्ये अपिलातही तोच टिकला. घरी स्वतःपुरतं करणारा आणि विकणारा यांत फरक आहे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही सांगतो. पण तो फरक माझ्या सोयीचा आहे हेही मला दिसतं. गाइड या बाबतीत फार बोलत नाही. सिरियल नंबर कसा तयार करावा आणि तो कुणा खऱ्या मॅकचा नाही ना हे कसं तपासावं, ते नीट सांगतं. हा तिथला शिष्टाचार. पण आपण जे करतोय ते करावं का, हा प्रश्न ते वाचकावर सोडतं. मला ही त्याची उणीव वाटते. इतर प्रत्येक पायरीचं ‘का’ सांगणारा मजकूर पहिल्याच ‘का’पाशी आवाज खाली करतो.

उणिवा आणखीही आहेत. सूर कधीकधी खवट होतो. तयार ईएफआय वापरणाऱ्यांवर, एका क्लिकवर सगळं करून देणाऱ्या साधनांवर ते चिडतं. कारण योग्य असलं तरी चार दिवस अडकलेल्या माणसाला ते वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटतं. एका पानावरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्या पानावर असा प्रवास होतो आणि मोबाइलवर तो जिवावर येतो. वाचकाकडे दुसरं चालू यंत्र आहे हे त्यात गृहीत धरलेलं आहे. माझ्याकडे नव्हतं. मी सगळं गाइड साडेपाच इंची पडद्यावर, एका हाताने स्क्रू धरून वाचलं. आणि ते इंग्रजीत आहे. मराठीत या विषयावर जे सापडलं ते सगळं ‘या दहा स्टेप्स करा’ या घाटाचं होतं. अकराव्या स्टेपला काय करायचं ते सांगणारं काही नव्हतं. मराठीत यंत्रांबद्दल कौतुकाने लिहिलं जातं, भीतीने लिहिलं जातं. ती बंद पडतात तेव्हा काय होतं याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. खरं तर बंद पडलेल्या यंत्रासमोर बसून मराठी माणूस मराठीतच पुटपुटत असतो.

तरीही मी या गाइडला चांगला मजकूर म्हणतो, कारण ते तयार फाइल देत नाही. नमुना देतं, प्रत्येक नोंद काय करते ते सांगतं, आणि भरायला वाचकाला लावतं. मला त्याचा राग आला होता. पण त्या रागाच्या पलीकडे जे हातात राहिलं ते तयार फोल्डरने कधी दिलं नसतं. ते फोल्डर चाललं असतं तर मला आजही एक्झिटबीएसचा अर्थ माहीत नसता.

*

जॉइनिंग झालं सप्टेंबरमध्ये. आयफोनची ॲप्स मी कधी लिहिली नाहीत, मला सर्व्हरच्या टीममध्ये टाकलं. आता दिवसभर लॉग वाचतो. टीममध्ये नवी आलेली मुलं शेवटची ओळ उचलून एखाद्या चॅटबॉटला विचारतात आणि तो आत्मविश्वासाने उत्तर देतो. मीही विचारतो. पुष्कळदा उत्तर बरोबरही असतं. बरोबर नसतं तेव्हा मात्र तो मला त्या व्हिडिओखालच्या फोल्डरसारखा वाटतो. कुणाच्या तरी बोर्डावर हे चाललं असणार. मग मी म्हणतो, “वरच्या दोनशे ओळी दाखव. आणि हे सांग, यापुढे कोणती ओळ यायला हवी होती?” या दुसऱ्या प्रश्नावर मुलं गप्प होतात. मीही झालो होतो.

२०२५मध्ये ॲपलने सांगितलं की मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. म्हणजे या गाइडलाही आता नवं प्रकरण जोडलं जाणार नाही. ज्या यंत्रांसाठी ते लिहिलं गेलं ती एकेक करून भंगारात जातील आणि गाइड मागे राहील. त्याचा उपयोग संपेल तेव्हा ते निव्वळ वाचण्यासारखं उरेल का? मला वाटतं, उरेल. निदान एक्झिटबीएसचं पान.

माझा पीसी अजून नाशिकला आहे. त्यावर आता लिनक्स आहे आणि बाबा त्यावर सोसायटीचे हिशेब करतात. मागच्या बाजूला एका काळ्या पोर्टजवळ मी तेव्हा चिकटपट्टी लावून ‘इथे’ असं लिहून ठेवलं होतं. परवा घरी गेलो तर बाबांनी आपला पेनड्राइव्ह तिथेच घातलेला होता. म्हटलं, “बाबा, आता कुठेही चालेल. निळ्यात घाला, फास्ट होईल.” ते म्हणाले, “तू लिहिलंयस ना, इथे.”